मोठी स्टेट युनिव्हर्सिटी की छोटं प्रायव्हेट कॉलेज? लेकीचं ठरत नाहीये, १ मे जवळ आलाय

अबोली_इंडियाना

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण घरात गेले तीन आठवडे जेवताना, गाडीत, झोपताना एकच विषय चालू आहे आणि १ मे ला कुठेतरी एका ठिकाणी डिपॉझिट भरायचंय.

आम्ही चौदा वर्षं इंडियानात आहोत, ग्रीन कार्ड झालंय. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. नऊ ठिकाणी अर्ज केले होते, आता दोन उरलीत. एक पर्ड्यू, म्हणजे आपल्याच स्टेटची. ट्युशन फी वर्षाला ९,९९२ डॉलर, २०१३ पासून त्यांनी ती वाढवलेलीच नाही, राहणं जेवण पुस्तकं सगळं धरून २४ हजारांत भागेल असा आमचा हिशोब. दुसरं ओहायोतलं एक छोटं प्रायव्हेट लिबरल आर्ट्स कॉलेज, म्हणजे एकाच धंद्याचं शिक्षण न देता सायन्सपासून साहित्यापर्यंत सगळं शिकवणारं, सगळी मिळून मुलं दोन हजारसुद्धा नाहीत. तिथला छापील खर्च ८२ हजार, तो आकडा बघून आम्ही अर्जच करणार नव्हतो, पण तिच्या कौन्सेलरने आग्रह केला म्हणून केला आणि त्यांनी मेरिट स्कॉलरशिप अधिक थोडी ग्रँट अशी मिळून ४६ हजार दिली, म्हणजे आम्हाला ३६ हजार पडतील. फरक वर्षाला १२ हजार. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस. भरू शकतो, पण जाणवतील, धाकटा आहे अजून मागे.

आता मुलीबद्दल. हुशार आहे पण अबोल. वर्गात उत्तर येत असून हात वर करत नाही, घरी येऊन मला सांगते की आई मला येत होतं. बायॉलॉजी आवडतं, कॉम्प्युटरही आवडतो, नक्की काय करायचं ते माहीत नाही म्हणून पर्ड्यूत तिने एक्सप्लोरेटरी स्टडीजमध्ये प्रवेश घेतलाय. मला सारखं वाटतं की चाळीस हजारांवर मुलांमध्ये ही हरवून जाईल, कोणी विचारणार नाही. नवरा म्हणतो की पर्ड्यूचं नाव कुठेही चालतं, त्या कॉलेजचं नाव आपल्या ऑफिसात कोणी ऐकलेलं नाही.

आणि सासरे तिकडून फोनवर रोज विचारतात की युनिव्हर्सिटी मिळत असताना कॉलेजात कशाला घालताय, कॉलेज तर युनिव्हर्सिटीच्या हाताखाली असतं. खरं सांगू का, प्रायव्हेट म्हटलं की माझ्याही डोक्यात पहिल्यांदा डोनेशन आणि मॅनेजमेंट कोटाच येतो, आपण त्यातच वाढलो. इथे तसं नाही हे कळतं, पण मन तयार होत नाही.

कोणाची मुलं अशा छोट्या कॉलेजात गेलीत का, किंवा कोणी स्वतः शिकलंय का. छोट्या वर्गांचा खरंच एवढा फरक पडतो का, की ती फक्त ब्रोशरमधली गोष्ट आहे? आणि नोकरीच्या वेळी नाव आडवं येतं का? जे असेल ते स्पष्ट सांगा.

---

प्राजक्ता_वेचते

अबोलीताई, मी अकरा वर्षं अशाच एका छोट्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि त्याआधी पीएचडी मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत केली, त्यामुळे दोन्हीकडचं आतून पाहिलंय. ज्या बाजूला मी पगार घेते तिच्याकडे माझा कल असणार हे धरूनच वाचा.

आधी सासऱ्यांसाठी. आपल्याकडे कॉलेज हे युनिव्हर्सिटीला संलग्न असतं, परीक्षा आणि डिग्री युनिव्हर्सिटीची. इथे तसं काही नाही. इथलं छोटं कॉलेज स्वतःची डिग्री स्वतः देतं, ते कोणाच्याच हाताखाली नसतं. विल्यम्स कॉलेज १७९३ चं आहे, अ‍ॅमहर्स्ट १८२१ चं. पर्ड्यूसारख्या बऱ्याच स्टेट युनिव्हर्सिट्या त्यानंतर आल्या, १८६२ मध्ये लिंकनच्या काळात मॉरिल कायदा झाला, केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्या विकून आलेल्या पैशातून शेतकी आणि इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. पर्ड्यू १८६९ ची. म्हणजे दोन्हींचा जन्मच वेगवेगळ्या कामासाठी झालाय, एक वर आणि एक खाली असं नाही. अजून एक सांगा त्यांना, इंटेल सुरू करणाऱ्या दोघांपैकी रॉबर्ट नॉइस हे आयोवातल्या ग्रिनेल नावाच्या छोट्या कॉलेजातून १९४९ मध्ये बीए झाले. फिजिक्स आणि गणित घेऊन, पण डिग्रीचं नाव बीएच.

आता वर्गांबद्दल. मी टीए, म्हणजे पीएचडी करता करता प्रोफेसरच्या हाताखाली शिकवणारी, होते तेव्हा माझ्याकडे चार सेक्शन, प्रत्येकात चोवीस पंचवीस मुलं. प्रोफेसर साडेतीनशे जणांना लेक्चर देऊन जायचे, त्यांचा दोष नव्हता, त्यांच्यावर ग्रँट आणायचं ओझं होतं. मुलं रेकमेंडेशन लेटर मागायला त्यांच्याकडे जायची आणि ते मला विचारायचे की हा मुलगा कसा आहे, दोन ओळी लिहून दे. मी तेवीस वर्षांची, मला तरी किती आठवणार. आज माझ्या ऑरगॅनिकच्या वर्गात अठरा जण आहेत. एखादी दोन तासांना आली नाही तर तिसऱ्या दिवशी मी मेल करते, आणि तिच्या अ‍ॅडव्हायजरलाही कळवते. लेटर लिहिते तेव्हा दीड पान भरतं कारण मला खरंच माहीत असतं. मुलीला पुढे मेडिकल किंवा पीएचडी करायची असेल तर या लेटर्सना फार वजन असतं. हार्वी मड, रीड, स्वार्थमोर, कार्लटन या कॉलेजांतून पुढे सायन्समध्ये पीएचडी करणाऱ्यांचं प्रमाण मुलांच्या संख्येच्या मानाने देशात अगदी वरच्या नंबरात येतं, मोठमोठ्या नावांच्याही वर. त्याचं एक कारण साधं आहे, आमच्याकडे ग्रॅड स्टुडंट्स, म्हणजे मास्टर्स पीएचडी करणारे, नसतातच, त्यामुळे लॅबमधलं काम अंडरग्रॅडच्याच, म्हणजे पहिली डिग्री करणाऱ्यांच्याच, हातात पडतं. नवीन मशीन आलं की पहिल्यांदा हात लावणारी एकोणीस वर्षांची मुलगी असते.

आता दुसरी बाजू, कारण ती ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत. आमच्या डिपार्टमेंटला पाच जण. त्यातला एक सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनासाठीच्या मोठ्या रजेवर, गेला की त्याचा कोर्स त्या वर्षी होत नाही. काही वरचे कोर्सेस वर्षाआड असतात, एकदा हुकला की मुलगी पास आऊट होऊन जाते तरी मिळत नाही. एखाद्या मुलाचं आणि एका प्रोफेसरचं जमलं नाही तर मोठ्या ठिकाणी तो दुसऱ्याकडे जातो, आमच्याकडे तेच सर पुढचे तीन कोर्स शिकवणार असतात. त्या कॉलेजच्या वेबसाइटवर नुसता कॅटलॉग बघू नका, त्यात सगळंच छापलेलं असतं. मागच्या चार सेमिस्टरचं शेड्यूल काढा आणि त्यातलं प्रत्यक्ष काय काय झालं ते मोजा. आणि कॉमन डेटा सेट म्हणून एक पीडीएफ बहुतेक सगळे टाकतात, त्यात आय सेक्शनमध्ये किती वर्ग वीसच्या आतले आणि किती शंभरच्या वरचे ते लिहिलेलं असतं. पर्ड्यूचाही काढा, शेजारी शेजारी ठेवा.

---

वाटसरू_८१

प्राजक्ताताईंचं सगळं मान्य, पण मोठ्या ठिकाणची बाजू कोणीतरी नीट सांगायला हवी म्हणून लिहितो. मी मिडवेस्टमधल्याच एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीतून बीएस केलं, नाव नको कारण पहिल्या सेमिस्टरची गोष्ट चांगली नाही. केमिस्ट्रीला साडेचारशे जण होतो. पहिल्या मिडटर्मला मला बेचाळीस मार्क पडले आणि कोणालाही पत्ता लागला नाही. मेल नाही, फोन नाही, काही नाही. मी दोन आठवडे वर्गातच गेलो नाही, तेही कोणाला कळलं नाही. तुम्ही ज्याला हरवणं म्हणताय ते अगदी खरं आहे, ते मी अनुभवलंय.

पण पुढचंही ऐका. त्याच युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीची हेल्प रूम रात्री नऊपर्यंत उघडी असायची आणि तिथे रोज कोणीतरी टीए बसलेला असायचा, मला ती ऑक्टोबरच्या शेवटी माझ्या फ्लोअरवरच्या एका मुलाने दाखवली. त्यानंतर मी रोज गेलो. सगळं होतं तिथे, फक्त आपण उठून जायला लागतं, ते तुमच्याकडे चालत येत नाही. तिसऱ्या वर्षापासून माझे वर्ग पंचवीस तीसचे झाले, हे लोकांना माहीत नसतं, गर्दी फक्त पहिल्या दोन वर्षांची असते. एका प्रोफेसरच्या लॅबमध्ये दोन वर्षं पगारी काम केलं. असली लॅब छोट्या कॉलेजला परवडूच शकत नाही. आणि एखादा विषय डोक्यात शिरला, समजा मला अचानक मातीतल्या बॅक्टेरियाचं वेड लागलं, तर त्यावर आयुष्य घालवलेली चार माणसं त्याच कॅम्पसवर सापडतात.

नोकरीचं म्हणाल तर पर्ड्यूत इंडस्ट्रियल राउंडटेबल म्हणून जॉब फेअर असतं, ते मुलंच चालवतात आणि देशातल्या मोठ्यांपैकी एक आहे, कंपन्या आपणहून तिथे येऊन उभ्या राहतात. तुमचे मिस्टर म्हणतात ते नावाचं प्रकरण मी थोडं वेगळ्या शब्दांत सांगेन. नुसतं नाव कोणी बघत नाही हो, पण कंपन्या कुठे येतात ते महत्त्वाचं, आणि त्या गर्दी असते तिथे येतात.

पण एका गोष्टीची मला खरंच काळजी वाटली म्हणून एवढं टाइप करतोय. तुम्ही लिहिलंय की मुलगी एक्सप्लोरेटरीत आहे आणि तिला कदाचित कॉम्प्युटर सायन्स, म्हणजे सीएस, हवं असेल. पर्ड्यूत नंतर मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलण्याला कोडो म्हणतात, चेंज ऑफ डिग्री ऑब्जेक्टिव्ह, आणि सीएससाठी ते फार अवघड आहे, अमुक कोर्सेसना अमुक ग्रेड आणि तेवढं करूनही जागा असेल तरच. हे पर्ड्यूचंच नाही, इलिनॉय, वॉशिंग्टन सगळ्या मोठ्या ठिकाणी सीएसचं असंच आहे, सुरुवातीला थेट प्रवेश मिळाला तर मिळाला, मागून आत शिरणं कठीण. बायॉलॉजीत जायला एवढा त्रास नाही. तेव्हा मोठं की छोटं हा प्रश्न दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि मुलीला आधी हे विचारा की सीएस हवंच आहे की नुसतं बरं वाटतंय. हवंच असेल तर पर्ड्यूचं आजचं अ‍ॅडमिशन ही त्या दाराची किल्ली नाही. छोट्या कॉलेजात बहुतेक दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेजर जाहीर करायचं असतं आणि दार सहसा उघडं असतं, पण सीएसला आता तिथेही गर्दी झालीये, तेव्हा त्यांनाही फोन करून विचाराच.

---

हिशोब_वही

मी पैशांपुरतंच बोलतो, शिक्षणाचं वर दोघांनी छान लिहिलंय.

ताई, तुमचा १२ हजारांचा फरक हा फक्त पहिल्या वर्षाचा आहे. पर्ड्यूची ट्युशन गोठवलेली आहे, हॉस्टेल जेवण थोडं वाढेल. पण त्या कॉलेजचा ८२ हजारांचा छापील आकडा दरवर्षी वाढणार आणि तुमची मेरिट स्कॉलरशिप बहुतेक ठराविक डॉलरांची असणार, टक्क्यांची नाही. म्हणजे वाढ पूर्ण तुमच्या खिशातून. ४ टक्के वाढ धरली तर दुसऱ्या वर्षी साधारण ३,३०० जास्त, तिसऱ्या वर्षी ६,७००, चौथ्या वर्षी १०,२००. हे झाले २० हजार. अठ्ठेचाळीसचे अडुसष्ट झाले. घेऊ नका असं म्हणत नाहीये, पण अडुसष्ट समोर ठेवून ठरवा, अठ्ठेचाळीस नको. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए लागतो ते पत्रात बारीक अक्षरात असतं तेही बघा, आणि जी ग्रँट तुमच्या उत्पन्नावर दिलीये ती दरवर्षी नवीन फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरल्यावर परत मोजतात, पगार वाढला की कमी होते. उलट धाकट्याचं कॉलेज सुरू झालं की काय करतात ते प्रत्येक कॉलेज वेगळं ठरवतं, तेही आत्ताच विचारून घ्या.

फोन करून अजून मदत मागायला लाजू नका. आपल्या लोकांना हे भीक मागितल्यासारखं वाटतं, मलाही वाटायचं, पण प्रायव्हेट कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून जास्त ट्युशन सूट दिली जाते, छापील किंमत पूर्ण भरणारे थोडेच. फायनान्शियल एड ऑफिसला नीट पत्र लिहायचं, काय बदललंय ते आकड्यांनिशी.

कर्जाचं. मुलीच्या नावावर फेडरल लोन पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरच मिळतं, चारही वर्षांचं मिळून २७ हजार. वरचं आईबापांवर येतं, आणि आईबापांच्या नावावरच्या फेडरल कर्जाला, म्हणजे पॅरेंट प्लसलाही, १ जुलै २०२६ पासून मर्यादा आहे, वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार. मी तर म्हणेन या निर्णयासाठी पॅरेंट प्लस घ्यावं लागत असेल तर थांबा.

आणि शेवटचं, जे कोणी बोलत नाही. छोटी कॉलेजं बंद पडतायत. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्सचं माउंट आयडा अचानक बंद झालं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कचं वेल्स कॉलेज, अलाबामाचं बर्मिंगहॅम सदर्न, आणि फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने तर ३१ मे ला जाहीर केलं आणि ७ जूनला कुलूप. आठ दिवस. मुलांनी पुढच्या वर्षाचे डिपॉझिट भरलेले होते. म्हणून त्या कॉलेजची एंडोमेंट, म्हणजे देणग्यांतून साठवलेला कायम निधी, किती आणि गेल्या दहा वर्षांत मुलांचा आकडा खाली घसरतोय का हे बघा. नॉन प्रॉफिट असल्यामुळे त्यांचा फॉर्म ९९०, म्हणजे दरवर्षी सरकारला द्यायचा जमाखर्च, सगळ्यांना बघता येतो. प्राजक्ताताईंनी नावं घेतली त्या श्रीमंत कॉलेजांना ही भीती नाही, पण सगळी तशी नसतात.

---

प्राजक्ता_वेचते

हिशोब_वहींचा शेवटचा मुद्दा मला लागला, पण बरोबर आहे. आमच्या शेजारच्या गावातलं एक कॉलेज असंच गेलं, तिथल्या अकरा मुली आमच्याकडे आल्या, त्यांचे क्रेडिट्स बसवताना मी स्वतः होते. दोघींना अख्खं सेमिस्टर परत करावं लागलं. कॉलेजला थेट विचारा, तुमचा मुलांचा आकडा पाच वर्षांपूर्वी किती होता. सरळ उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

---

एच४_ची_आई

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. अबोलीताईंना ग्रीन कार्ड आहे म्हणून फाफ्सा, फेडरल लोन हे सगळं आहे. ज्यांची मुलं अजून एच-४ वर, म्हणजे आईबापांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत त्यांना फेडरल मदत अजिबात नाही. इन-स्टेट फी, म्हणजे त्या स्टेटच्या रहिवाशांसाठीची कमी फी, मिळेल की नाही ते प्रत्येक स्टेटचं वेगळं, आधी रजिस्ट्रारकडून लेखी घ्या. एच-४ वर कॅम्पस जॉब किंवा लॅबमधलं पगारी कामही करता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी मूल एच-४ मधून बाहेर पडतं, एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, जावं लागतं. आम्ही ते तिसऱ्या वर्षाच्या मध्यात धावपळ करून केलं, आधीच केलं असतं तर मुलाची एक समर इंटर्नशिप वाचली असती. काही प्रायव्हेट कॉलेजं मात्र स्वतःच्या पैशातून मदत देतात, फेडरल नियम त्याला लागत नाहीत, तेव्हा एच-४ वाल्यांनी छोटी कॉलेजं महाग म्हणून आधीच खोडून टाकू नयेत. आमच्या मुलाला शेवटी प्रायव्हेटच स्वस्त पडलं.

---

तिसरा_बाक

अबोली काकू, मी मागच्या वर्षी एका छोट्या कॉलेजमधून पास झालो, माझं मराठी लिहिणं फार चांगलं नाही, आईने तपासलंय.

सगळे म्हणतायत की मुलगी शांत आहे म्हणून छोटं कॉलेज बरं. मी पण शांत आहे आणि माझ्या बाबतीत पण घरी हेच म्हणाले होते. पण खरं असं आहे की छोट्या वर्गात शांत बसताच येत नाही. माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये आम्ही अकरा जण गोल टेबलला बसायचो, बोलण्याला २० टक्के मार्क होते, आणि प्रोफेसर नाव घेऊन विचारायची. पहिले दोन महिने मी रोज सकाळी पोट दुखतं म्हणून उठायचो. नंतर सवय झाली, आणि आता मी इंटरव्ह्यूत बोलू शकतो ते त्याच्यामुळेच, मला मान्य आहे. पण माझ्याबरोबरची एक मुलगी तितकीच शांत होती आणि ती दुसऱ्या वर्षी मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत निघून गेली आणि तिथे एकदम खूश आहे. ती म्हणते की मला मागे बसून ऐकायला आवडतं, कोणी बघत नाही म्हणून मला विचार करता येतो. शांत लोक दोन प्रकारचे असतात असं मला वाटतं. काही जणांना कोणीतरी विचारावं असं वाटत असतं म्हणून ते थांबलेले असतात, आणि काही जणांना खरंच एकटं सोडलेलं हवं असतं. तुमची कुठली आहे ते तिलाच माहीत असणार.

बाकी चांगलं पण खूप होतं. माझा सीनियर थेसिस सत्तर पानांचा होता आणि प्रोफेसरने प्रत्येक ड्राफ्ट पूर्ण वाचला, पूर्ण म्हणजे कॉमा सकट. थँक्सगिव्हिंगला मी घरी जाऊ शकलो नाही तर तिने जेवायला बोलावलं. वाईट म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत असतं. कोणाशी भांडण झालं तर रोज तीन वेळा एकाच डायनिंग हॉलमध्ये तो समोर. इंडियन मुलं आमच्या बॅचला चार होतो. आणि नोकरीला वेळ लागला, कंपन्या कॅम्पसवर फार येत नव्हत्या, मी चाळीस अ‍ॅलम्नायना, म्हणजे कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांना, मेल केले, त्यातल्या बावीस जणांनी उत्तर दिलं आणि एकाने काम दिलं. मोठ्या ठिकाणच्या माझ्या मित्राला फेअरमध्ये एका दिवसात तीन इंटरव्ह्यू मिळाले होते.

दोन्ही ठिकाणी तिला एक दिवस वर्गात बसू द्या. टूर नको, टूरमध्ये सगळीकडे जिम आणि लायब्ररीच दाखवतात. मंगळवारचा साधा वर्ग. आणि तुम्ही बाहेर थांबा प्लीज.

---

अबोली_इंडियाना

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू, एवढं मनापासून लिहिलंत. काय झालं ते सांगते म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

हिशोब_वही, मी फोन केला. हात थरथरत होते, पण केला. स्कॉलरशिप ठराविक डॉलरांचीच आहे, तुम्ही म्हणालात तशी. पत्र लिहिल्यावर वर्षाला ३,००० वाढवून दिले. पाच वर्षांपूर्वीचा आकडाही विचारला, थोडा घसरलाय पण त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, ते आवडलं मला. शेड्यूल पण काढलं, बायॉलॉजीत सगळं नीट होतं, सीएसचे दोन कोर्स कॅटलॉगमध्ये आहेत पण चार सेमिस्टरमध्ये एकदाही झालेले नाहीत.

वाटसरू दादा, तो कोडोचा मुद्दा आम्हाला माहीतच नव्हता. तिला बसवून विचारलं, सीएस हवंच आहे का. बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की सीएस मी तुमच्यासाठी म्हणत होते, बाबांना बरं वाटावं म्हणून, मला बायॉलॉजीच करायचंय आणि त्यात लागेल तेवढं कोडिंग शिकेन. तिचे बाबा उठून बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. तीन आठवडे आम्ही आकड्यांवर वाद घालत होतो आणि हे कोणी विचारलंच नव्हतं.

मग दोन्ही ठिकाणी जाऊन आलो, मी दोन्हीकडे बाहेर थांबले. ओहायोत वर्गात चौदा मुलं होती, प्रोफेसरने तिलाही एक प्रश्न विचारला, पाहुणी असून. तिने उत्तर दिलं आणि बरोबर दिलं. बाहेर आली तेव्हा चेहरा लाल झालेला, मला वाटलं झालं, हेच ठरलं. गाडीत म्हणाली, आई छान होतं, पण रोज नाही जमणार. पर्ड्यूत मोठ्या हॉलमध्ये मागून चौथ्या रांगेत बसली होती, नंतर स्वतःहून खाली उतरून टीएला काहीतरी विचारून आली. म्हणाली मला पाहिजे तेव्हा मी जाईन. तिसरा_बाक, तुझी पोस्ट मी तिला मोठ्याने वाचून दाखवली होती, तिने दोनदा वाचायला लावली.

मला ते छोटं कॉलेजच हवं होतं, खरं सांगायचं तर अजूनही थोडं हवंच आहे. तिथल्या त्या प्रोफेसरबाई मला स्वतः पार्किंगपर्यंत सोडायला आल्या होत्या. पण जाणार ती आहे. परवा रात्री पर्ड्यूचं डिपॉझिट भरलं, मेजर एक्सप्लोरेटरीतून बायॉलॉजीत बदलायला मेल तिनेच केला. ओहायोच्या बाईंनाही तिनेच नाही म्हणून कळवलं, त्यांचं दोन तासांत उत्तर आलं की पुढे कधी समर रिसर्चला यावंसं वाटलं तर लिही.

प्राजक्ताताई, तुम्ही सांगितलेलं एक मात्र मी सोडणार नाही, कोणीतरी ओळखणारं हवं. पर्ड्यूत लर्निंग कम्युनिटी म्हणून असतं ना, पंचवीस तीस मुलं एकाच मजल्यावर राहतात आणि एक दोन वर्ग एकत्र करतात, त्याचा फॉर्म भरतोय. तिथे कोणाची मुलं बायॉलॉजीच्या किंवा सायन्सच्या ग्रुपमध्ये होती का, आणि पर्ड्यूतल्याच ऑनर्स कॉलेजला, म्हणजे हुशार मुलांसाठीच्या वेगळ्या विभागाला, पहिल्या वर्षानंतर अर्ज करता येतो का, हे कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा.